हिब्रू धर्मग्रंथातील धन आणि बरकत

पायलीने धान्य मोजण्याची रीत चालू होती त्या काळी महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी खळ्यावरचा मोजणारा पहिले माप टाकताना ‘एक’ म्हणत नसे. तो ‘लाभ’ म्हणे आणि मग दोन, तीन असा पुढे जाई. उत्तर हिंदुस्थानात याच जागी ‘बरकत’ म्हणण्याची चाल होती. वरवर पाहता ही एक भाबडी समजूत वाटते; पण तिच्या पोटात एक विचार आहे. माणूस हिशेबाला बसला की आकड्याच्या आधी त्याने एवढे कबूल करावे, की या राशीत माझ्या कष्टाबाहेरचेही काही आहे.

‘बरकत’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्याची सख्खी बहीण हिब्रू भाषेत आहे. तिचे नाव ‘बेराखा’, म्हणजे आशीर्वाद. ब, र आणि क ही तीन व्यंजने दोहींकडे तीच. याच तीन व्यंजनांपासून हिब्रूत आणखी दोन शब्द होतात : ‘बेरेख’ म्हणजे गुडघा आणि ‘बेरेखा’ म्हणजे पाण्याचे टाके. हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले की काय, याविषयी पंडितांत एकमत नाही, आणि तो वाद आपण त्यांच्याकडेच ठेवू. पण समजुतीसाठी ही तीन चित्रे शेजारी ठेवण्यास हरकत नाही. देणाऱ्यापुढे टेकलेला गुडघा, वरून आलेल्या पाण्याने भरलेले टाके, आणि त्या टाक्यातून सर्वांना मिळणारे पाणी. ज्या टाक्यात पाणी येते पण ज्यातून ते कोणी उपसत नाही, ते टाके शेवाळते. हिब्रू धर्मग्रंथाचा धनाविषयीचा सगळा विचार जवळजवळ एवढ्याच चित्रात सामावलेला आहे.

आता कोणी विचारील की, बुलढाण्याच्या श्रोत्यांपुढे यहुद्यांच्या ग्रंथाचे हे निरूपण कशाला? त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की हा ग्रंथ मराठीला परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. त्यांच्यासाठी मुंबईच्या जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ छापून पुरा झाला. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. हा ग्रंथ ज्या लोकांत घडला ते मेंढरे राखणारे आणि पावसावर पेरणारे लोक होते. त्यांना जे प्रश्न पडले, तेच पेरणी करून आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्या माणसालाही पडतात. ज्याच्या घरी भरभराट आहे त्याच्यावर देव प्रसन्न आहे काय? आणि ज्याचे पीक बुडाले, त्याने काही पाप केले होते काय?

शब्दांची साक्ष

धनासाठी हिब्रूत जे शब्द आहेत त्यांतूनच पुष्कळ उलगडा होतो. ‘मिकने’ म्हणजे गुरेढोरे. हा शब्द मिळविणे या अर्थाच्या धातूपासून आला. आपणही गोधन म्हणतोच. ‘केसेफ’ म्हणजे चांदी, आणि तोच शब्द पैशासाठीही वापरतात. चांदीसाठी दूरवर नाव असलेल्या खामगावच्या लोकांना हे सांगताना मौज वाटते. ‘कावेद’ म्हणजे जड. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राहाम हा गुरे, चांदी आणि सोने यांनी ‘फार जड’ झाला होता असा अर्थ येतो. याच शब्दाचा भाऊ ‘कावोद’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. आपण ‘वजनदार माणूस’ म्हणतो, त्यातली कल्पना हीच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. धन हे मुळातच अपवित्र आहे, ते टाकून रानात गेल्याशिवाय ईश्वर भेटत नाही, अशी या ग्रंथाची शिकवण नाही. संन्यासाला तेथे फारसे स्थान नाही. धान्य, द्राक्षारस आणि तेल यांची समृद्धी, वेळेवर पाऊस, गाभण गायी-मेंढ्या, भरलेली टोपली आणि पीठ मळण्याची काथवट ही सगळी अनुवादाच्या पुस्तकात उघडउघड आशीर्वाद म्हणून सांगितली आहेत. काथवटीपर्यंत उतरणारा हा आशीर्वाद आहे. भाकरी थापणाऱ्या बाईला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु लगेच पुढची पायरी येते. धन हा आशीर्वाद असू शकतो. पण धन म्हणजे आशीर्वाद नव्हे. अब्राहामाला जे वचन मिळाले त्याचे दोन भाग आहेत. तुला आशीर्वाद मिळेल हा पहिला, आणि तू स्वतः इतरांना आशीर्वाद होशील, पृथ्वीवरील सर्व कुळांना तुझ्यामुळे बरकत येईल हा दुसरा. पहिला भाग दुसऱ्यासाठी आहे. धन येऊन थांबले आणि पुढे गेले नाही, तर वचनाचा अर्धा भाग मोडला.

त्याच अब्राहामाची एक गोष्ट पाहा. त्याचा पुतण्या लोट त्याच्याबरोबर होता. दोघांचीही गुरे इतकी वाढली की कुरण पुरेना आणि गुराख्यांची भांडणे होऊ लागली. चुलत्या-पुतण्याचे भांडण आपल्याकडे काय थराला जाते ते सांगावयास नको! वडीलकीच्या नात्याने पहिली निवड अब्राहामाची. पण त्याने लोटाला सांगितले की तू आधी घे, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटाने डोळे वर करून पाहिले आणि यार्देनेकाठची पाण्याची, बागाइती तळवट उचलली. अब्राहाम डोंगरावरच्या कोरड्या मुलखात राहिला. आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगावयाचे तर पुतण्या घाटाखाली उतरला आणि चुलता घाटावर राहिला. पुढे ती तळवट खाऱ्या समुद्राकाठची ओसाडी झाली असे ग्रंथ सांगतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीत पाणी असून ते पिकाला देता येत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला हिरव्या दिसणाऱ्या जमिनीवर किती भरवसा ठेवावा हे ठाऊक असते. पण गोष्टीचा भर जमिनीच्या प्रतीवर नाही. ज्याला वचनावर विश्वास होता त्याला निवड सोडून देणे जमले, हा तिचा भर आहे.

याकोबाची कथा तर याहून बोलकी आहे. त्याने आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा, एसावाचा आशीर्वाद लाटला. आशीर्वादाचे शब्द आकाशाच्या दहिवराचे आणि जमिनीच्या सुपीकतेचे होते; पण तो मिळाल्याबरोबर याकोबाला घर सोडून पळावे लागले. वीस वर्षांनी तो परतला तेव्हा भावाच्या भीतीने त्याने शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गायी-बैल आणि गाढवे मिळून साडेपाचशेवर जनावरे पुढे पाठविली. एसाव ती घेईना. तेव्हा याकोब त्याला विनवून म्हणाला की, माझी ही ‘बेराखा’ घे. भाषांतरात येथे ‘भेट’ असा शब्द येतो. पण मुळात शब्द आशीर्वादाचाच आहे. जो आशीर्वाद हिरावून घेतला होता, तोच गुरांच्या रूपाने परत केला. हडपलेली बरकत ही बरकत नव्हे, एवढेच ही कथा सांगते.

आभाळाकडे पाहणारी जमीन

अनुवादाच्या अकराव्या अध्यायात मिसर देश आणि कनान देश यांची तुलना आहे. मिसरात नाईल नदीचे पाणी असे. शेतकरी बी पेरून पायाने पाणी देई, भाजीच्या मळ्याला द्यावे तसे. कनान मात्र डोंगरदऱ्यांचा मुलूख. तो आकाशातून पडणारे पाणी पितो. म्हणजे एक बागाईत आणि एक कोरडवाहू. नवल हे की मोशे या कोरडवाहू जमिनीलाच देवाच्या विशेष देखरेखीची जमीन म्हणतो. पेरणीचा पहिला पाऊस आणि पीक भरतानाचा शेवटचा पाऊस यांना हिब्रूत ‘योरे’ आणि ‘मालकोश’ अशी वेगळी नावे आहेत. मृगाचा आणि हस्ताचा पाऊस वेगळा ओळखणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवे वाटणार नाही.

येथे एक सूक्ष्म विचार आहे. ज्याच्या शेतात पाट वाहतो त्याला वाटते, पीक माझ्या हातचे आहे. ज्याचे शेत पावसावर आहे त्याला असे म्हणताच येत नाही. त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इशारा दिलेला आहे : चांगली घरे बांधाल, गुरे वाढतील, सोनेचांदी साठेल, आणि मग मनात म्हणाल की हे वैभव मी माझ्याच बळाने, माझ्याच हाताने मिळविले. हे ‘माझ्याच हाताने’ म्हणजे विस्मरण. ज्या विहिरी तुम्ही खणल्या नाहीत त्यांचे पाणी तुम्ही पिता, याची आठवण ठेवा असे सहावा अध्याय सांगतो.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास याला साक्ष आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ भरभराटली आणि १८७० साली जलंबहून खामगावापर्यंत आगगाडीचा फाटा आला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. भाव चढला तेव्हा शेतकऱ्याने कोणते पुण्य केले होते, आणि उतरला तेव्हा कोणते पाप? समुद्रापलीकडच्या लढाईने त्याची तिजोरी भरली आणि रितीही केली. ‘माझ्याच हाताने’ असे त्या काळी ज्यांनी म्हटले असेल, त्यांना पुढच्या हंगामाने उत्तर दिले.

शेताचा कोपरा आणि सातवे वर्ष

धन ही केवळ कमाई नव्हे, तिच्यात देणगीचाही भाग आहे, असे एकदा मानले की ती वापरण्यावर मर्यादा येते. हिब्रू धर्मग्रंथ येथे उपदेशावर थांबत नाही. तो कायदा करतो.

पहिली मर्यादा शेताच्या कोपऱ्याची. कापणी करताना बांधापर्यंत सगळे पीक कापावयाचे नाही. कोपरा उभा ठेवावयाचा. खाली पडलेली कणसे, म्हणजे आपण ज्याला सरवा म्हणतो तो, मालकाने वेचावयाचा नाही. शेतात विसरलेली पेंढी आणावयास परत जावयाचे नाही. हे सगळे गरिबाचे, परक्याचे, पोरक्याचे आणि विधवेचे. कोपऱ्याला वरची मर्यादा नाही. मात्र तो साठाव्या हिश्शाहून लहान नसावा, असे पुढे यहुदी शास्त्र्यांनी ठरविले. लक्षात घेण्याची गोष्ट ही की मालकाने सरवा वेचून मग गरिबाला वाटावयाचा नाही. गरिबाने स्वतः येऊन, ताठ मानेने, आपल्या हाताने तो घ्यावयाचा. रूथ ही परक्या मवाब देशाची विधवा. ती सासूला घेऊन बेथलेहेमास आली आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागली. तेव्हा बवाजाने आपल्या गड्यांना सांगितले की पेंढ्यांतून चार ताटे मुद्दाम गळू द्या, आणि तिला टाकून बोलू नका. दाविद राजा हा याच रूथचा पणतू.

‘त्सेदाका’ हा हिब्रू शब्द येथे समजून घेतला पाहिजे. पुढच्या काळात दानधर्माला हा शब्द वापरू लागले. पण त्याचा मूळ अर्थ न्याय, नीतिमत्त्व असा आहे. म्हणजे गरिबाला दिले ती दया नव्हे. न देणे हा अन्याय. आपल्याकडे सुतार, लोहार, चांभार खळ्यावर येऊन बलुते नेत, ते भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. बलुत्याच्या पद्धतीत उच्चनीचतेचे विष होते, हे नाकारता येणार नाही. पण राशीत दुसऱ्याचा हिस्सा धरूनच रास मोजावी, ही समजूत त्या हिब्रू कायद्याच्या जवळची आहे.

दुसरी मर्यादा सातव्या दिवसाची. शब्बाथाच्या दिवशी मालकाने काम करावयाचे नाही, तसे नोकराने, दासीने, बैलाने आणि गाढवानेही. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, असाही नियम आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या आपल्या मुलखाला या नियमाचा मायाळूपणा सहज कळेल.

तिसरी मर्यादा सातव्या वर्षाची. त्या वर्षी जमीन पडीक ठेवावयाची आणि आपोआप उगवेल ते गरिबांनी व उरलेले रानच्या जनावरांनी खावयाचे. त्याच वर्षी कर्जाची माफी. व्याज तर आपल्या बांधवाकडून मुळीच घ्यावयाचे नाही. व्याजाला हिब्रूत ‘नेशेख’ म्हणतात. त्याचा अर्थ चावा. साप चावतो तसा चावा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सवाई-दिढीने दाणे काढले आणि खळ्यावरूनच रास सावकाराच्या घरी जाताना पाहिली, त्यांना याहून नेमका शब्द सुचणार नाही. गहाणालाही सीमा आहे. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, कारण तो रात्री काय पांघरील?

चौथी मर्यादा पन्नासाव्या वर्षाची, ज्याला ‘योबेल’ म्हणतात. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी. तिचे कारण लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात दिले आहे : जमीन देवाची आहे, तुम्ही तिच्यावरचे उपरे आणि पाहुणे आहात. म्हणून विकावयाची ती जमीन नव्हे, योबेलपर्यंतची पिके तेवढी विकावयाची. १९५१ साली पोचमपल्लीपासून विनोबाजींनी भूदानाची पदयात्रा सुरू केली तेव्हा त्यांच्या मागणीच्या मुळाशी हाच विचार होता.

कायदा आणि माणूस

हे सारे नियम लोकांनी आनंदाने पाळले असे समजू नये. धर्मग्रंथ स्वतःच तसे म्हणत नाही. पन्नासाव्या वर्षाचा कायदा प्रत्यक्ष अमलात आल्याचा स्पष्ट दाखला त्यात सापडत नाही. सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेईल, हे मोशेच्या लक्षात आले होते, आणि तसे करू नका असे त्याने बजावूनही ठेवले. तरी व्हावयाचे ते झालेच. अखेर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास हिल्लेल नावाच्या थोर आचार्याने ‘प्रोझबुल’ नावाची तोड काढली. कर्जाचे दस्तऐवज न्यायसभेच्या हवाली करावयाचे, म्हणजे ते सातव्या वर्षी बुडत नसत. गरिबाला कर्जच मिळेनासे झाले होते. ते मिळावे म्हणून माफीचा कायदा बाजूस सारावा लागला! कर्जमाफी आणि पतपुरवठा यांतला हा पेच आपल्याला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी सावकारांच्या वह्या जळाल्या. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. वऱ्हाडासाठी १९३९ साली कर्जनिवारणाचा कायदा आला. २००८, २०१७ आणि २०१९ साली सरकारी कर्जमाफ्या झाल्या. त्यांपैकी २००८ सालची पुरी माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती. आमच्याकडे कोरडवाहू जमीन एकरांनी जास्त आणि उत्पन्नाने कमी. त्यामुळे कागदावर मोठा ठरलेला शेतकरी तिच्याबाहेर राहिला आणि त्याच्या वाट्याला चौथ्या हिश्शाची सूट तेवढी आली.

याच ग्रंथात संदेष्टे उभे राहतात ते येथे. आमोस हा मेंढपाळ आणि उंबराच्या जातीच्या झाडांची राखण करणारा. त्याने व्यापाऱ्यांना तोंडावर सुनावले : सण कधी संपतो आणि धान्य विकावयास कधी मिळते, असे तुम्हांला झाले आहे, तुम्ही माप लहान करता, वजन मोठे करता आणि गव्हाचे भुसकट विकता. यशयाने घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार केला. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला. नाबोथ म्हणाला, हे माझ्या वाडवडिलांचे वतन आहे, देणार नाही. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारविले. राजाला मळा मिळाला, पण एलिया संदेष्टा त्याच मळ्यात येऊन त्याच्यापुढे उभा राहिला. वतन या शब्दाचा महिमा सिंदखेडराजाच्या मुलखात कोणाला सांगावयास नको.

एकदा मात्र कायदा खरोखर अमलात आला. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात नहेम्या हा यरुशलेमेचा सुभेदार होता. दुष्काळ पडला. लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली. राजाच्या शेतसाऱ्यासाठी कर्ज काढले. पोटची पोरे चाकरीत दिली. नहेम्याने सरदारांना जमवून शेते, घरे आणि घेतलेले व्याज परत करावयास लावले, आणि अंगरख्याचा ओचा झटकून म्हटले की, जो हे वचन मोडील त्याला देव असाच झटकून टाकील. तुकोबांनी वाट्याला आलेली सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविल्याचे परंपरा सांगते. ती आणि ही एकाच जातीची कृत्ये आहेत.

या कायद्यालाही त्याच्या काळाच्या सीमा होत्या, हे सांगितले पाहिजे. परदेशी माणसाकडून व्याज घेण्याची मुभा त्यात होती आणि दास्यही पुरते मोडलेले नव्हते. पण सहा वर्षे राबलेल्या दासाला सातव्या वर्षी सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातले, खळ्यातले आणि द्राक्षकुंडातले त्याला दे, असे बजावणारा ग्रंथ कोणत्या दिशेने चालला होता हे उघड आहे.

कोकणातील शनवार तेली

हा विचार मराठी माणसांच्या हातून कसा जगला गेला, याचे उदाहरण बेने इस्राएल समाजाचे. त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या. त्यांच्यापासून हा समाज वाढला. कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी ते घाणी चालवीत. पोथ्या हरवल्या होत्या, हिब्रू भाषा विसरली होती. पण शनिवारी घाणा चालवावयाचा नाही, ही एक गोष्ट ते विसरले नाहीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. विचार केला म्हणजे या नावाचे मोल ध्यानात येते. तेल्याची कमाई रोजची. आठवड्यातला एक दिवस घाणा बंद म्हणजे सातव्या हिश्शाची कमाई सोडणे, आणि डोळे बांधून फिरणाऱ्या बैलाचाही त्या दिवशी विसावा. गरीब माणसाने धनाला घातलेली ही मर्यादा होती. आणि लोकांनी त्यांना जे नाव दिले ते त्यांच्या मिळकतीवरून दिले नाही. त्यांनी जे सोडले त्यावरून दिले.

पुढे या समाजाने मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांच्या पुढाकाराने आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यास वल्हांडण सणाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. त्या पोथीत आरंभीच जो जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे असे आमंत्रण असते.

या समाजाचा ‘मलिदा’ नावाचा विधी आहे. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर यांचा प्रसाद करतात, भोवती फळे मांडतात, आणि प्रत्येक जातीच्या पदार्थासाठी वेगळे आशीर्वचन म्हणून मगच तो वाटतात. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्या फळाला दुसरे. हे आशीर्वचन फळाला नसते. ते फळ निर्माण करणाऱ्याला असते. तालमुद या ग्रंथात याची एक सुंदर उपपत्ती आहे. एक स्तोत्र म्हणते पृथ्वी देवाची आहे. दुसरे म्हणते पृथ्वी त्याने माणसांना दिली आहे. मग खरे कोणते? आचार्य उत्तर देतात की, दोन्ही खरी. आशीर्वचन म्हणण्यापूर्वी ती देवाची असते, म्हटल्यानंतर माणसाची होते. न म्हणता खाल्ले तर ती चोरी. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक लोक इस्राएल देशात गेले; तरी मलिद्याचे ताट त्यांनी तेथेही नेले आणि मराठीही नेली.

ईयोबाचे मित्र

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देवाच्या आज्ञा पाळाल तर भरभराट होईल, मोडाल तर उपासमार होईल, असे अनुवादाचे पुस्तक सांगते. ते सबंध राष्ट्राला उद्देशून आहे : ज्या समाजात माप खोटे आणि न्याय विकत, तो समाज बुडणार. पण हेच सूत्र उलटे फिरवून एकेका माणसाला लावले, की ते क्रूर होते. भरभराट आहे तर तो पुण्यवान. बुडाला तर पापी. या उलट्या हिशेबाविरुद्ध त्याच धर्मग्रंथात एक सबंध पुस्तक आहे.

ईयोब हा सात्त्विक माणूस. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या आणि पाचशे गाढवी एवढे त्याचे धन. एका दिवसात सगळे गेले, मुलेही गेली, अंगावर फोड आले आणि तो राखेत बसला. त्याचे तीन मित्र भेटीला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, आणि तेवढेच त्यांचे शहाणपण. तोंड उघडल्यावर त्यांनी एकच पालुपद लावले : तू काहीतरी पाप केले असले पाहिजेस. ईयोबाने ते मानले नाही. तो देवाशी भांडला, त्याला जाब विचारला. आणि शेवटी देव बोलला तेव्हा त्याने दोष भांडणाऱ्या ईयोबाला दिला नाही. तुम्ही माझ्याविषयी खरे बोलला नाहीत, असे तो त्या मित्रांना म्हणाला. मग ईयोबाचे धन दुप्पट झाले : चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट. पण ते केव्हा? त्याच मित्रांसाठी त्याने प्रार्थना केल्यावर.

या पुस्तकाची गरज आज आमच्या वऱ्हाडाला जेवढी आहे तेवढी क्वचित कोणाला असेल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. असे एखादे घर गावात असले म्हणजे लोक सांत्वनाला जातात, आणि परत येताना वाटेत बोलतात : लग्नात खर्च फार केला असेल, दारू पीत असेल, शेतात लक्ष नसेल. कधी कधी ते खरेही असते. पण पाऊस दगा देतो, भाव पडतो, बियाणे उगवत नाही, व्याज चावत राहते. यांतले त्याच्या हातात काय होते? जे आपल्याला साधले ते आपल्या पुण्याईने आणि जे त्याचे बुडाले ते त्याच्या दोषाने, असा हिशेब मांडणारा माणूस ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीत बसतो. त्या घरातल्या बाईला अशा बोलण्याने दुसऱ्यांदा वैधव्य येते.

हिब्रू धर्मग्रंथाचा धनविषयक विचार म्हणून दोन वाक्यांत सांगता येईल. आपल्या घरी बरकत आली तर ती पुण्याईची पावती समजू नये. तिच्यात कोणाचा कोपरा आहे ते पाहावे. आणि दुसऱ्याच्या घरी ती आली नाही तर त्याचे पाप शोधू नये. त्याचा कोपरा आपण कापून तर नेला नाही ना, हे पाहावे. अनुवादाच्या एकाच अध्यायात दोन वचने आहेत. तुमच्यात कोणी गरीब उरणार नाही, हे एक. आणि देशातले गरीब कधी संपणार नाहीत, हे दुसरे. विसंगत वाटणाऱ्या या दोन वचनांच्या मधोमध तिसरे आहे. ते म्हणते, मन कठोर करू नको, मूठ आवळू नको. पहिले वचन खरे ठरेल की दुसरे, हे आपल्या त्या मुठीवर अवलंबून आहे.